भागीदारी ओळखायची कशी?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत तिसऱ्या दिवशी दिलेलं व्याख्यान. काही श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी शब्दांकित करून देत आहे.)



कार्यवाहांनी फोन केला तेव्हा विषय सांगितला तो असा : ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी, स्थानिक अर्थव्यवस्था आणि पर्यावरण’. मी घरी हा विषय वाचून दाखवला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आरती आधी करा. व्याख्यान आधी ठेवलंत तर आरतीला पुजारीच उरेल.” आरती आधी झाली आहे, तुम्ही अजून बसलेले आहात, याबद्दल आधी आभार मानतो.

विषय जड वाटतो, पण आपल्या मंडळाला तो नवा नाही. आपला गणपती सार्वजनिक आहे. 1893 साली लोकमान्यांनी पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, आणि मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे हा गणपती त्याच्या बरोबर गेला. मंडप कुणाचा? सगळ्यांचा. पैसा कुणाचा? प्रत्येकाच्या खिशातला. जागा नगर निगमची, वीज मंडळाची, मूर्ती मूर्तिकाराची, मोदक कुणा काकूंच्या हातचे. ही भागीदारीच आहे. आणि ती इतकी वर्षं टिकली याचं कारण मला एकच दिसतं. अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर लागतो. वर्गणी किती आली, मंडपवाल्याला किती दिले, शिल्लक किती, हे सगळं. माझ्या लहानपणी रामबागेत आजोबा मला बोट धरून तो फळा वाचायला न्यायचे. स्वतःची सव्वा रुपयाची नोंद सापडली की म्हणायचे, “चला, आता गणपती उठला.”

तो फळा आज शेवटपर्यंत लक्षात ठेवा. मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आधी आपल्या इंदूरच्या दोन-तीन जुन्या गोष्टी सांगतो. आपल्याला वाटतं, सरकारने आणि खासगी पैशाने मिळून काम करणं हे नव्या जमान्याचं खूळ आहे. तसं नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने. कशासाठी? खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून. तीच होळकर स्टेट रेल्वे. आमच्या घराण्यातले लोक भुसावळ-खंडव्यावरून येऊन इथे स्थिरावले ते त्याच रुळांवरून. त्याच काळात दरबाराने स्वतः कापसाची गिरणीही उभी केली. दरबाराचा पैसा, पुढे ठेकेदाराचं कसब, आणि माळव्यातला कापूस, असं ते गणित होतं. गिरणगाव म्हणून या शहराची जी ओळख झाली ती तिथून.

दुसरी गोष्ट कचऱ्याची आहे, आणि ती मला फार आवडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले होते. शहरात प्लेगची भीती होती. दरबारासाठी त्यांनी 1918 साली दोन खंडांचा मोठा अहवाल लिहिला. पण अहवालाच्या आधी त्यांनी एक गंमत केली. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न नेता, ज्या वस्त्यांनी आपली गल्ली साफ केली त्या वस्त्यांतून जाईल असं जाहीर केलं. झालं! जो तो झाडू घेऊन बाहेर. हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शेवटी त्या राक्षसाचं दहन झालं. पण मला त्यातली सर्वांत मोठी बाब कोणती वाटते? त्या मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, मानाने चालले. जे एरवी पहाटे कुणाला न दिसता काम करून जात, ते त्या दिवशी सर्वांसमोर आले.

तिसरी गोष्ट तर थेट आपल्या माणसाची. 1924 साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. जमीन होळकर दरबाराची. पैसा बराचसा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा, म्हणजे कापसाच्या गाठीमागे जो उपकर घेतला जाई त्यातला. शिवाय मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी. प्रमुख होते सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचून, ठरावीक दिवसांनी उलथून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले तिला आजही ‘इंदोर पद्धत’ म्हणतात. आणि 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघालं त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. एक हॉवर्ड, दुसरं यशवंत वाड. हे वाड तिथे रसायन विभागात होते. पुढे 1934 साली त्यांनी जॅक्सन यांच्याबरोबर अशी पुस्तिका लिहिली की शेतातल्याच नाही, तर वस्तीतल्या कचऱ्या-मैल्यालाही ही पद्धत कशी लावावी. म्हणजे शहराच्या कचऱ्यातून खत, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी याच गावात एका मराठी आडनावाच्या माणसाने लिहून ठेवला. हॉवर्डचं नाव जगाला माहीत. वाडांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? हात वर करा. … दोन. त्यातले एक कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले आहेत, ते मोजत नाही.

भागीदारी झाली की श्रेय कुणाला जातं, हा प्रश्न असा जुना आहे.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. देवगुराडियाचं महादेवाचं देऊळ सर्वांना माहीत आहे. शिवरात्रीला आपण सगळे गेलेले आहोत. पण त्याच रस्त्यावरून दहा-बारा वर्षांपूर्वी जाताना गाडीच्या काचा वर कराव्या लागत, तेही आठवत असेल. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडत होता. उन्हाळ्यात पेट घ्यायचा. धूर त्या बाजूच्या वसाहतींत शिरायचा. दहा लाख टनांहून अधिक जुना कचरा तिथे साठला होता. निगमने तो यंत्रांनी उकरून, चाळून, माती वेगळी, प्लास्टिक वेगळं, दगड वेगळे, असा मोकळा केला. शंभर एकरांच्या आसपास जमीन सुटली. आणि त्याच परिसरात 19 फेब्रुवारी 2022 रोजी ‘गोबरधन’ नावाचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

आता उद्घाटनाच्या फितीमागे काय आहे ते पाहू. मी आयुष्यभर बँकेत कर्जविभागात काम केलेला माणूस. मला फितीपेक्षा कागद वाचायची सवय.

या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओला कचरा पचवण्याची. त्यातून रोज सुमारे 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत निघावं अशी आखणी. रीत तशी घरगुती आहे. इडलीचं पीठ झाकून ठेवलं की फुगतं, कारण आत जंतू काम करत असतात. इथेही तेच. ओला कचरा दळून त्याचं सरबरीत पीठ करतात, बंद टाक्यांत हवेवाचून काही आठवडे आंबवतात. त्यातून जो वायू निघतो त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा अंश काढून टाकतात. उरतो तो मुख्यतः मिथेन. तो दाबून भरला की सीएनजी. खाली राहतं ते खत.

पैशाची बाजू अशी : इंदूर नगर निगमने जमीन दिली आणि कचरा द्यायची हमी घेतली. उभारणीचे सुमारे 150 कोटी रुपये खासगी कंपनीने, म्हणजे इंडो एन्व्हायरो इंटिग्रेटेड सोल्युशन्सने घातले. निगमवर यंत्रांचा खर्च नाही. उलट कंपनी वर्षाला अडीच कोटी रुपये निगमला देणार. तयार होणाऱ्या गॅसपैकी निदान निम्मा निगम विकत घेणार, बाजारभावापेक्षा किलोला पाच रुपये स्वस्त, आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालणार. उरलेला गॅस कंपनी खुल्या बाजारात विकणार. करार वीस वर्षांचा.

आता इथे थोडा हिशेब करू. 550 टनांतून 17,000 किलो, म्हणजे टनामागे साधारण 31 किलो गॅस. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरा. भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं. वर्षाचे झाले 180 किलोंच्या वर. त्यातून साडेपाच किलोंच्या आसपास गॅस. एवढ्या गॅसवर शहरातली बस वीसेक किलोमीटर तरी जाईल. म्हणजे आपल्या समोरच्या वहिनींनी वर्षभर देठं वेगळी टाकली, की त्यांच्या देठांवर एक बस शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येते. हसू नका, हे गणित आहे.

पण या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक सांधा कोणता, हे विचारलं तर मी त्या टाक्या दाखवणार नाही. मी तुमच्या स्वयंपाकघरातला डबा दाखवीन. ओल्या कचऱ्यात काच गेली, औषधाची पट्टी गेली, डायपर गेलं, तर दळणयंत्र अडतं, जंतू मरतात, खत विकत नाही. इंदूरला जे साधलं ते यंत्रामुळे आधी साधलेलं नाही. आधी घराघरांतून वेगळा कचरा घ्यायची सवय लागली. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा, सॅनिटरी, असे सहा भाग. स्वयंसेवी संस्थांची माणसं दारोदार फिरली, बायकांशी बोलली. पिवळ्या गाडीवरच्या माणसाने मिसळलेला कचरा परत केला, तेव्हा आपल्यातल्या काहींनी त्याच्याशी भांडणही केलं. मग हळूहळू समजलं. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपला पहिला नंबर, 2023 ला सुरतबरोबर, आणि जुलै 2025 मध्ये आठव्यांदा. पण 150 कोटी घालणारी कंपनी इथे आली ती त्या नंबराकडे पाहून नाही. रोज सकाळी शुद्ध ओला कचरा मिळेल, या भरवशावर आली. म्हणजे या भागीदारीत दोन भागीदार कागदावर आहेत, आणि तिसरा कागदावर नाही. तो तिसरा भागीदार म्हणजे आपण.

मी हे इतक्या ठासून का सांगतो, याला एक कारण आहे. ते सांगायला मला थोडं जड जातं, पण आज सांगायचं ठरवून आलो आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका शहरात बदलीवर होतो. शहराचं नाव घेत नाही, कंपनीचंही नाही. तिथल्या पालिकेने आणि एका खासगी कंपनीने मिळून कचऱ्यातून खत करण्याचा प्रकल्प आखला. सरकारी अनुदान होतं, पालिकेची जमीन होती, कंपनीचं भांडवल होतं, उरलेलं कर्ज आमच्या शाखेचं. कर्जाची शिफारस माझ्या सहीने गेली. मी कंपनीचा ताळेबंद पाहिला, पालिकेचं हमीपत्र पाहिलं, यंत्रांची कोटेशनं पाहिली. एक प्रश्न विचारला नाही : या शहरात कचरा वेगळा कोण करतं?

कुणीच करत नव्हतं. रोज येई तो सगळा मिसळलेला. चिंध्या, काचा, बांधकामाची माती. दोन वर्षांत दळणयंत्राची पाती बदलून बदलून कंपनी थकली. खतात काचेचे तुकडे सापडले, शेतकऱ्यांनी घ्यायचं बंद केलं. कंपनी म्हणे पालिकेने वेगळा कचरा दिला नाही. पालिका म्हणे करारात ‘वेगळा’ हा शब्द नाही. आणि खरंच नव्हता. मी तो करार वाचला होता, आणि तो शब्द नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

याहून वाईट म्हणजे, प्रकल्प सुरू होऊन तीन महिने झाले नव्हते तेव्हाच एका समारंभात त्याला ‘आदर्श भागीदारी’ म्हणून ढाल मिळाली होती. व्यासपीठावर बँकेतर्फे मी होतो. फोटोत मी हसतो आहे. खताची एक गोणीही तोवर विकली गेलेली नव्हती.

कर्ज बुडीत गेलं, वसुलीसाठी मी तिथे गेलो. प्रकल्पाला कुलूप. पत्र्याखाली कचऱ्याचा ढीग, आणि त्यातून काळं पाणी शेजारच्या वस्तीकडे चाललेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने मला उन्हात उभा पाहून ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं. माळव्याची रीत, आल्यागेल्याला आधी पाणी. मी पेला तोंडाजवळ नेला आणि वास आला. मला ते पाणी पिववलं नाही. ती म्हणाली, “साहेब, आम्ही हेच पितो.” तिला माहीत नव्हतं की माझी सही कुठे आहे.

तो पेला मी आजवर विसरलेलो नाही. बँकेने ते कर्ज निर्लेखित केलं. त्या बाईची विहीर कुणाच्याही वहीत नव्हती, त्यामुळे ती निर्लेखितही करता आली नाही.

म्हणून मंडळी, ‘ओळखणे’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं. एक, पारखून घेणं. दुसरा, मान देणं, दखल घेणं. आधी पारख, मग मान. आम्ही त्या दिवशी उलट केलं. आधी ढाल दिली, पारख राहूनच गेली.

मग पारखायचं कसं? मी अर्थशास्त्री नाही. कर्जविभागातल्या माणसाचे साधे प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न : जोखीम कुणाची? तोटा झाला तर कुणाच्या खिशातून जाईल? नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक असा करार असेल तर त्याला भागीदारी म्हणू नका, त्याला दुसरा शब्द आहे. गोबरधनमध्ये भांडवल कंपनीचं आहे, म्हणून प्रकल्प बंद पडला तर आधी तिला लागेल. आणि वेगळा कचरा देण्याचं वचन निगमचं आहे, म्हणून त्यात चूक झाली तर जाब निगमला. दोघांच्या मानेवर दोघांचं जू आहे. बैलजोडी अशीच चालते.

दुसरा प्रश्न : आधी त्या कामावर जगणारी माणसं कुठे गेली? कचऱ्याच्या ढिगावर भंगार, बाटल्या, पत्रा वेचून कितीतरी कुटुंबं जगत होती. ढीग गेला हे चांगलं झालं, पण त्यांचं काय? इंदूरमध्ये अशा वेचकांपैकी अनेकांना संस्थांनी कचरा संकलनाच्या आणि सुका कचरा निवडण्याच्या कामात घेतलं. सुक्या कचऱ्याचा रोज 300 टनांचा प्रकल्पही खासगी भागीदारीतलाच आहे. तिथे पट्ट्यावरून येणारा माल निवडायला आजही माणसांचे हात लागतात. पण याबाबत आपल्याला सर्वांत जास्त शिकवतं ते पुणं. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं तिथे आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे 1993 साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. तिचे मालक म्हणजे स्वतः कचरावेचक, बहुतेक बायका. तीन हजारांहून अधिक सभासद. महापालिकेशी त्यांचा करार आहे, आणि घरटी शुल्क घेऊन त्या दारोदार कचरा गोळा करतात. खासगी भागीदार म्हणजे प्रत्येक वेळी मोठी कंपनीच असली पाहिजे असं नाही. लुगडं नेसून, हातमोजे घालून येणारी बाईसुद्धा खासगी क्षेत्र असते. पुण्याला मुलाकडे गेलात तर दारात येणाऱ्या ताईंना नाव विचारा.

तिसरा प्रश्न : पैसा गावात फिरतो का? शहराच्या देठांचा गॅस शहराच्या बसला मिळतो, खत माळव्याच्या शेताला जातं, त्या शेतातली भाजी परत चोइथराम मंडीत येते. त्या मंडीतही भाजीच्या टाकाऊ मालापासून गॅस करणारा छोटा, 20 टनांचा प्रकल्प आहे. असं चक्र पुरं झालं की शहर श्रीमंत होतं, आणि नदी-नालेही सुटतात. कचरा लांब नेऊन टाकण्याचे पैसे वाचतात ते वेगळेच.

याच प्रश्नात आणखी एक गोष्ट. आपल्याला नर्मदेचं पाणी मिळतं. 1970 चं आंदोलन इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे 1978 साली पाणी आलं. पण ते जलूदहून सत्तरेक किलोमीटर लांबून, डोंगर चढवून आणावं लागतं. विजेचं बिल महिन्याला कोट्यवधी रुपयांचं. म्हणून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प करायचं ठरलं, आणि त्यासाठी निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. सामान्य माणसालाही घेता आले. मागणी कित्येक पटींनी जास्त आली. तुकोजीराव महाराजांनी एक कोटी दिले होते रुळांसाठी. आता शहराला उन्हासाठी लोकांनी पैसे दिले. ज्यांनी रोखे घेतले त्यांना माझी विनंती आहे : व्याज खात्यात जमा झालं की एवढ्यावर थांबू नका. प्रकल्पाने किती वीज केली, बिल किती उतरलं, हेही दर वर्षी विचारा. भागीदाराला विचारण्याचा हक्क असतो.

चौथा प्रश्न सर्वांत सोपा, आणि तोच आपण विचारत नाही : पाच वर्षांनी काय? आपल्या बीआरटीएसची आठवण करा. शहर बसकंपनी 2005 च्या शेवटी निघाली. बस खासगी चालकांच्या, मार्ग आणि नियंत्रण कंपनीचं. देशभरातून लोक ही रीत पाहायला येत. पुढे 2013 साली बीआरटीएसचा मार्ग सुरू झाला. त्याचंही कौतुक झालं. आणि 2025 साली तोच मार्ग काढून टाकण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मी बरोबर-चूक सांगत नाही. त्या मार्गाच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही या मंडपात आहेत, आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. मला इतकंच म्हणायचं आहे की बक्षिसांची यादी भक्कम असली तरी व्यवस्था भक्कम असतेच असं नाही. गोबरधनलाही हाच नियम. करार वीस वर्षांचा आहे. 550 टनांपैकी रोज खरोखर किती टन जातात, गॅस किती निघतो, खताला गिऱ्हाईक आहे का, अडीच कोटी दर वर्षी जमा होतात का, हे आकडे उद्घाटनाच्या बातमीइतक्याच ठळकपणे दर वर्षी छापून आले पाहिजेत.

आणि इथे मी आपल्या फळ्याकडे परत येतो.

कार्यकारिणीने या वर्षी एक चांगला बेत केला आहे. शहराच्या पर्यावरणासाठी झटणाऱ्या एखाद्या भागीदारी प्रकल्पाचा मंडळातर्फे गौरव करायचा, आणि नाव सुचवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. दोन-तीन संस्थांची पत्रंही आली. रंगीत माहितीपत्रकं आहेत, छायाचित्रं आहेत. मी ती सगळी वाचली. आणि सर्वांची क्षमा मागून सांगतो की मी कुणाचंही नाव सुचवलेलं नाही. ती वाईट आहेत म्हणून नाही. त्यांच्या पत्रांत आरंभाच्या तारखा आहेत, पण जमाखर्च नाही. एक ढाल मी आयुष्यात घाईने दिली आहे. दुसरी देणार नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी सुचवतो. कार्यकारिणीने विचार करावा.

पहिली, गौरव बंद करू नका, पुढे ढकला. ज्या संस्थेला हवा आहे तिने सलग तीन वर्षांचा हिशेब आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या चार माणसांचं म्हणणं घेऊन यावं. त्या वस्तीत आपल्यापैकी कुणीतरी जावं, ओसरीवर बसावं, आणि दिलेलं पाणी प्यावं. पाणी पिववलं तर गौरव करावा.

दुसरी, यंदा शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर आपल्या गल्लीत रोज सकाळी येणाऱ्या पिवळ्या गाडीवरच्या दोघांना द्या. गेडिस साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सफाई कामगारांना मिरवणुकीत चालवलं. आपल्याला निदान त्यांची नावं माहीत असावीत. मी कालच विचारून घेतली आहेत. परवानगी दिली तर समारोपाच्या दिवशी त्यांना सहकुटुंब बोलावू, आणि पहिल्या रांगेत बसवू.

तिसरी, आपल्या स्वतःच्या कचऱ्याची भागीदारी. दहा दिवसांचं निर्माल्य, हार, केळीचे खांब, नारळाच्या शेंड्या, पत्रावळी. निर्माल्य वेगळं, जेवणाचं ओलं वेगळं, थर्माकोल तर नकोच. हारातला दोरा आणि जर काढून मगच फुलं टाकायची. हे काम आपल्या बाल-गटाला द्या. ती मुलं आपल्यापेक्षा कडक असतात; माझ्या नातीने मला कालच चहाची पिशवी चुकीच्या डब्यात टाकताना पकडलं. आणि दहा दिवसांत किती किलो निर्माल्य दिलं, ते आपल्या फळ्यावर वर्गणीच्या शेजारी लिहा. जमा, खर्च, शिल्लक, आणि चौथा रकाना : कचरा.

माझे आजोबा तो फळा वाचल्याशिवाय गणपती उठला असं मानत नसत. मला वाटतं, शहरालाही तोच नियम लावावा. फीत कापली म्हणजे काम झालं नाही, ढाल मिळाली म्हणजेही नाही. हिशेब फळ्यावर लागला, तो साध्या माणसाने वाचला, आणि त्यात त्याला स्वतःची सव्वा रुपयाची नोंद सापडली, म्हणजे भागीदारी झाली.

वाडांचं नाव आता तरी सर्वांच्या लक्षात राहील अशी आशा करतो. स्वयंसेवकांनी प्रसाद वाटायला घ्यावा. द्रोण ओल्यात, कागदी पेले सुक्यात.

गणपती बाप्पा मोरया!